एकतीस वेळा फिट

अण्णांच्या तेराव्याला बापूराव जेवणानंतर उभे राहिले आणि गहिवरून म्हणाले, "रघुनाथरावांनी चौतीस वर्षांत एकसुद्धा खराब वाघीण पास केली नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. बापूराव अण्णांचे यार्डातले जोडीदार, तेव्हा त्यांचं म्हणणं खोटं कसं असेल? माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. खोटंच आहे ते! अण्णांनी एक खराब नग पास केला होता. एकदा नव्हे, ओळीने एकतीस वेळा. तो मालगाडीचा डबा नव्हता, कासव होतं, एवढाच काय तो फरक. आणि मी त्यांना पहिल्यापासून सांगत होते.

अण्णा झाशीच्या यार्डात गाड्या तपासायचे. मालगाडी येऊन उभी राहिली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन एका टोकापासून निघायचे आणि प्रत्येक चाकावर एक ठोका मारायचे. आवाज खणखणीत आला तर पुढचं चाक. बद्द आला तर चाकाला कुठेतरी तडा आहे, मग ती वाघीण 'सिक'. तिला सिकचं लेबल लागायचं, गाडीतून तोडून ती सिक लाइनवर जायची आणि दुरुस्त होऊन अण्णांनी 'फिट' लिहीपर्यंत तिथून हलायची नाही. एकदा एक आढत्या त्याच्या गव्हाच्या वाघिणीवरचं लेबल काढून घ्यायला पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या क्वार्टरवर आला. अण्णांनी पुडा घेतला, त्याच्यादेखत उघडला आणि फाटकाबाहेरच्या कुत्र्यांपुढे ओतला. राग त्यांच्या नाकावर असायचा. तो माझ्यातही तसाच उतरला आहे, असं आई म्हणायची. त्यात नवल काय? रोज समोर वाढलेलं ताट तेच होतं.

अठ्ठावन्न सालच्या एक एप्रिलला सिक लाइनवरच्या एका वाघिणीत, काठेवाडाकडून आलेल्या गवताच्या भाऱ्यांखाली अण्णांना हे कासव सापडलं. मूठभर होतं. काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. वाघिणीच्या नंबरात शेवटी ब्याण्णव होते, म्हणून त्याचं नाव ब्याण्णव. दुसरं कुठलं नाव अण्णांना सुचणारच नव्हतं.

इथे आमच्या घरातल्या दोन पार्ट्या सांगायला हव्यात. अण्णा भुसावळचे, रेल्वेबरोबर झाशीला आलेले. आई झाशीतल्याच ओरछा गेटची. तिचे पूर्वज पेशव्यांच्या वेळी देवळाची पूजा सांभाळायला आले आणि इथलेच झाले. ओरछा गेटवाले आम्हाला 'रेलवेवाले' म्हणायचे, म्हणजे ज्यांना ना सोवळं कळतं ना ओवळं. आणि अण्णा त्यांना म्हणायचे 'घंटावाले'. आईचं नाव अंबिका. तिचा थोरला भाऊ, मधुसूदन मामा, त्याच देवळाचा पुजारी. दर शनिवारी तो आमच्या सीपरी बाजारजवळच्या क्वार्टरवर यायचा आणि अण्णांशी तासभर वाद घालून, चहा पिऊन जायचा. दोघांचं जन्मात कशावर एकमत झालं नव्हतं. ते ब्याण्णववर झालं.

मामाने पेटीत डोकावून पाहिलं आणि हात जोडले. "रघुनाथजी, आपल्याकडे देवळात गाभाऱ्यासमोर दगडाचं कासव असतं. तुमच्या घरी जिवंत आलंय, जिवंत! याला बाहेर कशाला ठेवता? देवासमोर ठेवा. और सुनो अंबिके, रोजचा नैवेद्य पहिला याला."

अण्णांनाही ते पटलं. अंगणात ऊन फार, घारी फार, आणि हरवलं तर माप कुणाचं घ्यायचं? म्हणून ब्याण्णवची लाकडी पेटी देवघराच्या कोनाड्याखाली गेली. तिथे दुपारीसुद्धा दिवा लावल्याशिवाय अक्षर दिसत नसे. रोज सकाळी त्याला दूधभात, वरणभात, सणावारी पुरण. दर शनिवारी मामा त्याच्या पाठीला तेल चोळायचा आणि मधोमध कुंकवाचं बोट लावायचा.

आणि दर महिन्याच्या एक तारखेला अण्णांची तपासणी. यार्डातलं एक कोरं राहिलेलं सिक रजिस्टर त्यांनी घरी आणलं होतं. पितळी कॅलिपर काढायचे, चष्मा पुसायचे, ब्याण्णवला पाटावर ठेवून लांबी, रुंदी, उंची घ्यायचे. मग भाजीच्या तराजूत वजन. साठ साली बाजारातले शेर-छटाक जाऊन किलो आले तेव्हा जुनी वजनं ग्रॅममध्ये करताना ते आठवडाभर सरकारला शिव्या देत होते. सगळे आकडे लिहून झाले की शेवटच्या रकान्यात शेरा: फिट. इतकंच नाही, डब्यावर रंगवतात तशी त्यांनी ब्याण्णवच्या पाठीवर पांढऱ्या ऑइल पेंटने पुढच्या तपासणीची तारीख रंगवली होती. दर महिन्याला जुनीवर नवी. साडेतीन इंचांचं कासव अडीच वर्षांत पावणेसहा इंच झालं. अण्णा पाहुण्यांना चहाच्या आधी रजिस्टर दाखवायचे.

पण मी रोज त्याची पेटी साफ करत होते, अण्णा नव्हे. मला दिसत होतं की त्याच्या पाठीवरची प्रत्येक चांदणी टेंगळासारखी वर येते आहे. आधी ते पोट उचलून चालायचं, मग घासत चालायला लागलं. पाठीच्या कडेला बोट लावलं तर ती जरा दबायची. बत्तीच्या कडेला तेल साचून राहतं तसा तिथे मामाच्या तेलाचा आणि अण्णांच्या रंगाचा चिकट थर होता, त्यामुळे प्रथम मला वाटलं थरच दबतो आहे. मग नखाने खरवडून पाहिलं. थर निघाला आणि खालची पाठ दबली.

मी अण्णांना सांगितलं. तेव्हा मी चौदा वर्षांची होते. "अण्णा, त्याची पाठ मऊ लागते."

"मऊ म्हणजे किती?"

"म्हणजे दबते."

"किती दबते? आकडा सांग. आकडा नसेल तर ती तक्रार नव्हे, गप्पा."

दुसऱ्या महिन्यात पुन्हा सांगितलं. त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे आपटलं. "वाच. वजन वाढलं की नाही? लांबी वाढली की नाही? उंची पाव इंच वाढली आहे एका तिमाहीत! तुझ्या हातात काय आहे? गेज आहे?"

उंची वाढलीच होती. टेंगळं वर येत होती आणि अण्णांचा कॅलिपर टेंगळाच्या टोकाला लावून ते माप घेत होते. रोग वाढत होता आणि अण्णा त्याला वाढ म्हणून लिहीत होते. हे मला आज नीट शब्दांत सांगता येतं. तेव्हा फक्त रडायला यायचं, आणि रडलं की ते म्हणायचे, "यार्डात रडून चालत नाही." जसं काही मी यार्डात नोकरीला होते! तिसऱ्यांदा मी बोललेच नाही. त्याचा मला अजूनही सगळ्यात जास्त राग येतो, की तिसऱ्यांदा मी मूग गिळून बसले.

ऑक्टोबरच्या तपासणीच्या दिवशी नेमका शनिवार होता. मामा आलेला. ब्याण्णव पाटावर होतं, पण डोकं बाहेर काढत नव्हतं. चार दिवस त्याने भाताला तोंड लावलं नव्हतं.

"पावणेसहा," अण्णा म्हणाले. "गेल्या महिन्यापेक्षा दोन सूत जास्त."

"नैवेद्याचा प्रताप आहे, रघुनाथजी."

"प्रताप कसला? नियमित देखभाल आहे."

"देखभाल तर दगडाचीही होते. अन्न कुणाच्या देवळाचं?"

दोघं हसत होते. अडीच वर्षांत पहिल्यांदा दोघं एका गोष्टीचं श्रेय घ्यायला भांडत होते, आणि ती गोष्ट त्यांच्यामध्ये पाटावर पाय पसरून पडली होती. अण्णांनी लेखणी उचलली आणि 'फिट' लिहिलं.

मी उठले. दाराआड अण्णांचा हातोडा उभा असायचा, तो दोन्ही हातांनी उचलून आणला आणि पाटासमोर धाडकन टाकला. फरशीचा टवका उडाला.

"यार्डात चाकाचं माप घेऊन फिट लिहिता का तुम्ही?" मी ओरडले. "तिथे ठोकून ऐकता ना? मग घरात बहिरे का होता? ठोका की! ऐका की एकदा!"

मामा म्हणाला, "बकुळ, ये क्या तरीका है!" आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. अण्णांचा हात माझ्या कानाखाली बसणार याची मला खात्री होती. मी गाल पुढेच केला होता.

अण्णांनी हातोड्याकडे पाहिलं. मग डावा हात ब्याण्णवच्या पोटाखाली घातला, उजव्या हाताचं मधलं बोट दुमडलं आणि पाठीवर एक टिचकी मारली.

बद्द.

दुसरीकडे मारली. बद्द. कडेला मारली, तिथे तर आवाजच आला नाही. मग त्यांनी अंगठा टेकवून हलकेच दाबलं आणि मी सांगितलं होतं तसंच झालं. ज्या कानाची यार्डभर ख्याती होती त्याला एक टिचकी मारून पाहायचं अडीच वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. अण्णांच्या कपाळावरची शीर तटतटली. माझ्यावर नाही, मामावर नाही, ते कुणावरच ओरडले नाहीत. रजिस्टर पुढे ओढलं, पहिल्या पानापासून प्रत्येक 'फिट' वर काट मारत आले, एकतीसच्या एकतीस, आणि खाली लिहिलं: 'सिक. तपासणाऱ्याची चूक.' कागद दोन ठिकाणी फाटला.

सोमवारी त्यांनी रजा टाकली. लग्नानंतर त्यांची ती पहिली रजा, हे आईने मला नंतर चिडून सांगितलं, कारण माझ्या जन्माच्या वेळीही त्यांनी टाकली नव्हती. आम्ही ब्याण्णवला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला माणूस होता, पण म्हशी-बैलांचा. त्याने सांगितलं की हाडं मऊ पडली आहेत, चुना कमी पडलाय, अंड्याच्या टरफलांची पूड द्या. टहरौली गावचा एक म्हातारा कंपाउंडर टोपलीत बघून अण्णांवर उखडला. "जे तो घाम को जीव है, बाबूजी! ईखों कोठरी में काए धर राखो? और भात? भात जे का जाने? घास खात है जे, पत्ता खात है!" घाम म्हणजे त्याच्या बोलीत ऊन.

अण्णा एका कंपाउंडरचं बोलणं मान खाली घालून ऐकून घेत होते. मला वाटलं होतं की त्या क्षणी मला बरं वाटेल. नाही वाटलं. ब्याण्णवचे डोळे मिटलेले होते.

त्या शनिवारी मामा आला तेव्हा पेटी देवघराखालून गेली होती आणि ब्याण्णव मागच्या अंगणात कोवळ्या उन्हात होतं. पाठीवरचं तेल, कुंकू, रंग अण्णांनी ओल्या फडक्याने तीन दिवस खपून काढलं होतं. पेटीवर यार्डातलं खरं सिकचं लेबल डकवलं होतं. आणि ओट्यावर इंजिन ड्रायव्हरांच्या रनिंग रूमच्या खानसाम्याकडून आणलेली अंड्याची टरफलं होती.

मामा उंबऱ्यातच थांबला. "अंबिके, ये घर में? तुझ्या स्वयंपाकात? देवाच्या तोंडात अंडं घालणार?"

अण्णा तोंड उघडणार होते, पण आईने त्यांना हाताने थांबवलं. माझी आई कधी भावापुढे बोललेली मी पाहिली नव्हती. "दादा," ती म्हणाली, "अडीच वर्षं मी त्याला हाताने दूधभात भरवला. तू म्हणालास म्हणून. हे म्हणाले म्हणून. त्याचे पाय गेले तरी भरवत होते. माझ्या हाताने झालंय ना हे? आता माझ्याच हाताने निस्तरू दे."

"मग मी या घरात पाणी पिणार नाही."

"नको पिऊस," आई म्हणाली आणि पाट्यावर टरफलं घेऊन बसली. तिच्या माहेरी नंतर चार वर्षं तिला कुणी बोलावलं नाही. बायकांनी अन्न शिजवायचं, भरवायचं, आणि चुकलं तर माहेरही बायकांनीच गमवायचं. अण्णांचं काय गेलं? एका दिवसाची रजा.

ब्याण्णवने अठरा दिवस काही खाल्लं नाही. रोज सकाळी आम्ही त्याला कोमट पाण्यात बसवायचो, मग उन्हात. दुर्वा, जास्वंदीची पानं, राजगिरा, वर टरफलांची चिमूटभर पूड. अण्णा नोकरीवर जायच्या आधी एक तास अंगणात उकिडवे बसून राहायचे आणि त्याच्याकडे पाहायचे. माझ्याशी बोलायचे नाहीत. मला वाटायचं, एकदा म्हणा, बकुळ, तुझं बरोबर होतं. सहा शब्दही नाहीत ते. मी ताट वाढताना आपटायचे, दप्तर आपटायचे, दार आपटायचे. ते म्हणाले नाहीत.

एकोणिसाव्या दिवशी ब्याण्णवने दुर्वांची एक काडी ओढली. आईने रडत रडत मला हाक मारली.

मग महिने गेले. पुढच्या दोन्ही पायांवर ते उभं राहिलं, मग मागच्या. एकसष्टच्या एक एप्रिलला, शाळेत जायच्या आधी, अण्णांनी मला अंगणात बोलावलं. पाट, रजिस्टर, लेखणी, सगळं मांडलं होतं. कॅलिपर नव्हता. त्यांनी ब्याण्णवच्या पाठीवर आधी स्वतः एक टिचकी मारली. मग पाट माझ्याकडे सरकवला.

"तू ऐक," ते म्हणाले. "आणि तू सांग. मी लिहीन."

मी टिचकी मारली. आवाज स्वच्छ होता, खणखणीत, सुक्या नारळावर वाजवल्यासारखा. कडेलाही तसाच. अंगठा दाबला, काही दबलं नाही. अण्णा लेखणी धरून माझ्या तोंडाकडे बघत होते. "फिट?"

आणि माझ्या मनात ते सगळे महिने उसळून आले. आकडा सांग, ते म्हणाले होते. गप्पा, म्हणाले होते. अजून एकदाही, एका शब्दाने...

"नाही," मी म्हणाले. "अजून बद्द आहे."

मला वाटलं ते पुन्हा वाजवून बघतील, ओरडतील. त्यांनी फक्त मान हलवली, काहीतरी लिहिलं, रजिस्टर मिटलं आणि ब्याण्णवला उचलून उन्हात ठेवलं. सिकचं लेबल तसंच राहिलं. अख्खा एप्रिल अण्णा रोज सकाळी त्या तासाला अंगणात बसत होते. ऊन तापायला लागलं तसे अर्धा तास आधी उठून. रनिंग रूममधून टरफलं आणत होते, आई वाटत होती. कासव ठणठणीत होतं. हे मला माहीत होतं आणि मी काही बोलत नव्हते. मे महिन्याच्या एक तारखेला मी आवाज ऐकला आणि म्हणाले, "फिट." त्यांनी लिहिलं. लेबल फाडलं. त्यानंतर दर महिन्याला मीच वाजवायचे आणि तेच लिहायचे, माझं लग्न होईपर्यंत.

पुढे ब्याण्णव मोठं झालं. जुनी टेंगळं कधी बसली नाहीत, पण त्यांच्या भोवती जी नवी पाठ आली ती सपाट आली. त्या दोन्हींमधली रेघ कुणालाही दिसते. ते आजही आईच्या अंगणात आहे.

बापूरावांचं भाषण संपलं तेव्हा मी आतल्या खोलीत गेले. अण्णांच्या ट्रंकेत ते रजिस्टर असणार हे मला माहीत होतं. ते बाहेर आणून सगळ्यांसमोर त्या एकतीस काटा दाखवायच्या, असं मी रागारागाने ठरवलं होतं. पानं उलटत गेले. काटा होत्या. 'तपासणाऱ्याची चूक' होतं. त्याच्या पुढचं पान एकसष्टच्या एप्रिलचं. त्या पानावर काय लिहिलं आहे ते मी तोपर्यंत कधी पाहिलंच नव्हतं, कारण त्या दिवशी मी त्यांच्या लेखणीकडे बघायचं टाळत होते.

लांबी, रुंदी, वजन, सगळे रकाने कोरे. फक्त शेरा, अण्णांच्या बारीक अक्षरात: 'मला आवाज खणखणीत वाटला. पण तपासणारी बकुळ आहे. ती म्हणते सिक. म्हणून सिक.'